पत्र अडविले कोणी? ई-मेलच्या काळ्या याद्या आणि त्यांची जबाबदारी

टपालपेटीत टाकलेले पत्र पोचले नाही, तर तक्रार कोठे करावी हे आपल्याला ठाऊक असते. पत्र घेणारे, वाहणारे आणि घरी आणून देणारे खाते एकच; तेव्हा जाब विचारायचा तोही त्यालाच. ई-मेलची व्यवस्था अशी नाही. तिला एक मालक नाही की एक खाते नाही. पाठविणाऱ्याचा सर्व्हर निराळा, घेणाऱ्याचा सर्व्हर निराळा, आणि या दोघांच्या मध्ये 'हे पत्र आत घ्यावे की न घ्यावे' याविषयी सल्ला देणारी तिसरी मंडळी आणखी निराळी. नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे, विद्यापीठाचे प्रवेशपत्र, रुग्णाच्या तपासणीचा अहवाल, गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेची सूचना, अशी पत्रे आज ई-मेलनेच जातात. पाठविणारा म्हणतो, 'मी पाठविले.' घेणारा म्हणतो, 'मला मिळाले नाही.' पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात. मग पत्र अडविले कोणी, आणि त्याबद्दल उत्तर द्यावयाचे कोणी? आजच्या विवेचनाचा विषय हा आहे.

प्रथम काळ्या याद्यांची गरज का पडली ते पाहू. ई-मेलची देवघेव ज्या नियमांनी चालते, ते नियम जॉन पोस्टेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. त्या वेळी जाळे लहान होते आणि त्यावरची माणसे बहुतेक विद्यापीठांतील व संशोधनसंस्थांतील होती. त्यामुळे नियमांचा पाया विश्वासाचा होता. पत्र घेऊन येणारा स्वतःचे जे नाव सांगेल ते खरे मानावयाचे, आणि वाटेत कोणाचेही पत्र हाती आले तर ते पुढे पोचते करावयाचे, अशी ती रीत होती. या विश्वासाचा फायदा घेणारा व्यापारी तत्पूर्वीच निघालेला होता. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या एका विक्रेत्याने आपल्या नव्या संगणकांची जाहिरात आर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठविली. आज ज्याला आपण 'स्पॅम' म्हणतो, त्याचे हे पहिले उदाहरण समजले जाते.

छापील जाहिरात वाटावयाची तर कागदाचा, छपाईचा आणि तिकिटाचा खर्च पाठविणाराच सोसतो. ई-मेलमध्ये एक पत्र पाठविणे आणि दहा लाख पत्रे पाठविणे यांच्या खर्चात फारसा फरक नाही. उलट ती पत्रे साठविणे, निवडणे आणि फेकून देणे यांचा भार घेणाऱ्यावर पडतो. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, अशी व्यवस्था जेथे असते तेथे उपद्रव वाढल्याशिवाय राहत नाही. १९९० नंतरच्या दशकात इंटरनेट घरोघर जाऊ लागले, तसा हा उपद्रव असह्य झाला.

त्यावर पहिला परिणामकारक उपाय १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात निघाला. पॉल व्हिक्सी आणि त्यांचे सहकारी यांनी उपद्रवी यंत्रांच्या क्रमांकांची एक यादी ठेवण्यास आरंभ केला व ज्याला हवी त्याने ती वापरावी असे जाहीर केले. पुढे अशा पुष्कळ याद्या निघाल्या. १९९८ मध्ये लंडनला स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्थापिलेली स्पॅमहाउस ही संस्था त्यांतली सर्वांत प्रसिद्ध होय.

यादी चालते कशी?

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. जुन्या व आजही सर्वत्र चालू असलेल्या पद्धतीत त्याचे चार भाग असतात व प्रत्येक भाग ० ते २५५ यांमधला असतो. हे क्रमांक आणि आपण वापरतो ती नावे यांची सांगड घालणारी, जगभर पसरलेली एक नोंदवही आहे. तिला डीएनएस म्हणतात. काळ्या याद्यांनी हीच नोंदवही मोठ्या युक्तीने वापरली. समजा, १९२.०.२.९९ या क्रमांकाचे यंत्र आपल्या सर्व्हरच्या दारी पत्र घेऊन आले. आपला सर्व्हर तो क्रमांक उलटा लिहितो, म्हणजे ९९.२.०.१९२ असा, त्यापुढे यादीचे नाव जोडतो, आणि नोंदवहीला विचारतो, 'अशी नोंद आहे काय?' नोंद असली तर १२७.०.०.२ अशा ठराविक आकड्याचे उत्तर येते. नसली तर 'नोंद नाही' एवढेच कळते. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते, आणि बहुधा पत्रातला मजकूर उघड होण्यापूर्वीच होते.

या रचनेतील एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. यादी ठेवणाऱ्याजवळ त्या यंत्राविरुद्धचा पुरावा असतो, पण तुमच्या नावाने आलेले पत्र त्याला कधीच दिसत नाही. सर्व्हर चालविणाऱ्याच्या दारी पत्र उभे असते, पण यादीमागचा पुरावा त्याने पाहिलेला नसतो. जो जाणतो तो निर्णय करीत नाही, आणि जो निर्णय करतो तो जाणत नाही. जबाबदारीचा सगळा घोटाळा येथून सुरू होतो. यादीवाल्याला विचारावे, तर तो म्हणतो, 'मी फक्त माझे मत प्रसिद्ध केले. पत्र मी अडविले नाही.' सर्व्हरवाल्याला विचारावे, तर तो म्हणतो, 'मी काय करू? यादीत नाव होते.' दोन्ही वाक्ये सुटी घेतली तर खरी आहेत. एकत्र ठेवली की पत्र अडविणारा कोणीच उरत नाही.

आपल्या भाषेत 'वाळीत टाकणे' हा शब्दप्रयोग फार जुना आहे. वाळीत पडलेल्या माणसाला आरोप कोणी केला हे नीट कळत नसे, बाजू मांडावयास जागा नसे, आणि पाणी बंद करणारा शेजारी 'पंचांनी सांगितले' म्हणून मोकळा होई. या रूढीविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला व तो २०१७ मध्ये अमलात आला. माणसाला समाजातून तोडणे आणि एका यंत्राचा क्रमांक यादीत घालणे यांची बरोबरी कोणी करणार नाही. पहिल्यातले दुःख दुसऱ्यात नाही. परंतु निर्णय एकाचा, अंमल दुसऱ्याचा आणि उत्तर कोणाचेच नाही, ही रचना मात्र दोहोंकडे सारखी आहे, आणि धोका रचनेत असतो.

अनुभवाने काय शिकविले?

हा धोका कल्पनेतला नाही. २००१ मध्ये स्प्यूज नावाची एक यादी निघाली. ती कोण चालवितो हे जाहीर नव्हते आणि तिला पत्र घालावे असा पत्ताही नव्हता. एखादी कंपनी आपल्या उपद्रवी गिऱ्हाइकाला काढून टाकीत नाही असे दिसले, की ही यादी त्या गिऱ्हाइकाच्या आजूबाजूचे क्रमांकही आत ओढीत असे. हेतू असा की, शेजाऱ्यांनी ओरडा करावा व कंपनीला नमते घ्यावयास लावावे. चाळीतल्या एका बिऱ्हाडाच्या अपराधासाठी सगळ्या चाळीचे टपाल बंद करावे, तसाच हा प्रकार झाला.

निनावी राहण्यास कारण मात्र होते, हेही सांगणे न्यायाचे होईल. याद्या चालविणारे पुष्कळदा पदरमोड करून काम करणारे होते, आणि उपद्रव करणारे त्यांच्यावर सूड घेत. ऑगस्ट २००३ मध्ये ओसिरुसॉफ्ट या यादीवर खोट्या मागण्यांचा एवढा भडिमार झाला की, चालकाने ती बंद केली. पण बंद करताना त्याने सगळ्या जगाचे क्रमांक यादीत असल्याचे उत्तर दिले. परिणामी त्या यादीवर विसंबलेल्या सर्व्हरांनी येईल ते पत्र परतवून लावले. ओआरडीबी नावाची दुसरी यादी डिसेंबर २००६ मध्ये रीतसर निरोप घेऊन बंद झाली. तरी पुढे वर्ष उलटून गेले तरी असंख्य सर्व्हर तिला प्रश्न विचारीतच राहिले. त्यांच्या चालकांना ती बंद झाल्याचा पत्ताच नव्हता. शेवटी मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक प्रश्नाला 'होय, यादीत आहे' असे उत्तर देण्यास सुरुवात केली, तेव्हा कोठे ही मंडळी जागी झाली. मधल्या काळात जी चांगली पत्रे परत गेली त्यांचा दोष यादीचा म्हणावा, की मेलेल्या यादीचा सल्ला घेत बसलेल्या सर्व्हरवाल्याचा?

कायद्याकडून या प्रश्नाचे उत्तर मिळेल अशी आशा ठेवावी, तर तेथेही हाती फारसे लागत नाही. ई-३६० या अमेरिकन कंपनीने स्पॅमहाउसविरुद्ध इलिनॉय राज्यात दावा लावला. आपण लंडनचे, तेथील न्यायालयाचा आपल्यावर अधिकार नाही, असे म्हणून स्पॅमहाउसने बचाव करण्याचे सोडून दिले. २००६ मध्ये एकतर्फी निकाल लागला व भरपाई ठरली १,१७,१५,००० डॉलर. वरिष्ठ न्यायालयाने ती रक्कम रद्द करून फेरविचारास पाठविली. २०१० मध्ये ती २७,००२ डॉलरांवर आली आणि २०११ मध्ये अवघ्या ३ डॉलरांवर. नुकसानीचा धड पुरावा वादीला देता आला नाही, हे त्याचे कारण. यावरून यादी निर्दोष ठरली असे नाही, कारण त्या प्रश्नाची तड बचावाअभावी लागलीच नाही. एवढेच दिसले की, न मिळालेल्या पत्राची किंमत न्यायालयात सिद्ध करणे फार कठीण आहे. मोठ्या कंपनीची ही गत, तर मुलाखतीचे बोलावणे हुकलेल्या उमेदवाराने काय सिद्ध करावे?

जबाबदारीची वाटणी

म्हणून ही जबाबदारी न्यायालयात पोचण्याच्या आधीच, व्यवहारात, वाटून घेतली पाहिजे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: यादी दुसऱ्याची उसनी घेता येते, निर्णय उसना घेता येत नाही. ज्याच्या दारातून पत्र परत गेले, त्यानेच ते परतविले. सल्ला चुकीचा होता ही त्याची सबब होईल, सुटका होणार नाही.

याचा अर्थ यादी ठेवणारा मोकळा सुटला असा नव्हे. त्याची कर्तव्ये कोणती, हे इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींच्या जानेवारी २०१२ च्या एका पत्रकात चांगले सांगितले आहे. कोणत्या कारणाने क्रमांक यादीत जातो ते उघड असावे. काढून घेण्याची वाट असावी व तिची माहिती सर्वांना असावी. कारण दूर झाल्यावर नोंदही जावी. आणि यादी बंद करावयाची तर इतरांचे टपाल न बुडविता, पूर्वसूचना देऊन करावी. नाव काढण्यासाठी पैसे मागणेही त्यात गैर मानले आहे; कारण जेथे दंड वसूल करणारा आणि आरोप ठेवणारा एकच असतो, तेथे आरोप वाढू लागतात. यादी म्हणजे एक प्रकारची साक्ष आहे. साक्षीदाराने शिक्षा देऊ नये हे खरे, पण खोटी किंवा शिळी साक्षही देऊ नये.

सर्व्हर चालविणाऱ्याची जबाबदारी याहून जड आहे. ई-मेलच्या मूळ नियमांची २००८ मध्ये जी सुधारलेली आवृत्ती निघाली, तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की, एकदा सर्व्हरने 'पत्र मिळाले' असे सांगितले की ते पोचविण्याची जबाबदारी त्याने पत्करली. क्षुल्लक कारणासाठी त्याने ते हरवू नये. तेव्हा नाकारावयाचे असेल तर दारातच नाकारावे आणि कारण सांगावे. नकाराची भाषाही नियमांनी ठरविलेली आहे: ५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार, ४ ने सुरू होणारा म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा येऊन पाहा. असा नकार मिळाला म्हणजे पाठविणाऱ्याला निदान कळते. तो दूरध्वनी करील, दुसरी वाट शोधील. 'मिळाले' म्हणून घ्यावे आणि मुकाट्याने फेकून द्यावे, हे यापेक्षा पुष्कळ वाईट. शिवाय प्रत्येक ठिकाणी 'पोस्टमास्टर' या नावाची एक पेटी उघडी असलीच पाहिजे, असाही नियम आहे. ज्याची पत्रे अडतात त्याला दाद मागता यावी, म्हणून ही पेटी काळ्या यादीच्या तावडीतून सोडवून ठेवणे हे शहाणपणाचे आहे. आपल्या अडवणुकीची तक्रार ज्या दारी करावयाची तेच दार बंद, असा अनुभव पुष्कळांना येतो.

उपाय रोगापेक्षा मोठा होऊ नये, हेही त्यानेच पाहावयाचे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील व्हेरायझन कंपनीने युरोपातून येणारी पुष्कळशी पत्रे सरसकट अडविण्यास आरंभ केला. तिचेच ग्राहक तिच्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये तिला तडजोड करावी लागली. ग्राहकांनी स्पॅम थांबविण्यासाठी पैसे मोजले होते, नातलगांची पत्रे थांबविण्यासाठी नव्हेत.

मान्य यादी म्हणजे मेहेरबानी नव्हे

काळ्या यादीची दुसरी बाजू म्हणजे मान्य यादी, जिला व्हाइटलिस्ट म्हणतात. विश्वासाच्या पाठविणाऱ्यांची नावे आधीच लिहून ठेवावयाची आणि त्यांची पत्रे विनाअडथळा आत घ्यावयाची. जो काळी यादी लावतो त्याने ही दुसरी यादीही ठेविली पाहिजे, कारण कोणतीही काळी यादी केव्हा ना केव्हा निरपराध्यास पकडतेच. लहान संस्थांना तर हा धोका नेहमीचा आहे. त्या स्वस्त पडते म्हणून सामायिक सर्व्हर घेतात. त्याच क्रमांकावरून दुसरा कोणी उपद्रव करतो, आणि वाचनालयाच्या सूचना सभासदांना पोचेनाशा होतात.

पण मान्य यादीत नाव घालावयाचे ते कोणत्या खुणेवरून? पत्रावर लिहिलेल्या नावावरून म्हणावे, तर ते नाव कोणीही लिहू शकतो. या अडचणीतून तीन उपाय निघाले. एसपीएफ या पहिल्या पद्धतीने २००६ मध्ये लेखी रूप घेतले. तीत आपल्या नावाने पत्रे कोणकोणती यंत्रे पाठवतील ते संस्था त्याच डीएनएस नोंदवहीत जाहीर करते. २००७ ची डीकेआयएम पद्धत पत्रावर अशी सांकेतिक मोहोर उठविते की, मोहोर कोणाची व मजकूर बदलला आहे काय, हे तपासता येते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएमएआरसीने, वरील खुणा पत्रावरील नावाशी जुळल्या नाहीत तर पत्राचे काय करावे, हे सांगण्याची सोय केली. मात्र या तिन्ही खुणा 'हा कोण' एवढेच सांगतात. 'हा कसा' हे सांगत नाहीत. उपद्रवी मनुष्यही स्वतःची मोहोर घेऊन येऊ शकतो. मान्यता ओळखीवर सुरू व्हावी आणि वर्तनावर टिकावी, हा याचा अर्थ.

मान्य यादीचाही अतिरेक होतो, आणि त्याचा अनुभव आपण येथे, आपल्या हातातल्या दूरध्वनीवर घेतला आहे. व्यापारी एसएमएससाठी संस्थांनी आपले नाव व मजकुराचे नमुने आधी नोंदवावेत, असा नियम भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये केला. ८ मार्च २०२१ रोजी दूरसंचार कंपन्यांनी, नोंद नसलेला मजकूर गाळण्यास प्रारंभ केला, आणि देशभर बँकांचे, आधारचे, कोविडच्या लसीकरणाचे ओटीपी येईनासे झाले. नोंदणी का केली नाही असे एक विचारी, अंमल असा का केला असे दुसरा विचारी. दुसऱ्याच दिवशी प्राधिकरणाने ही गाळणी ७ दिवस थांबविली. नियमाचा हेतू चांगला होता. पण 'यादीत नाही तो बाहेर' हा नियम लावण्यापूर्वी बाहेर कोण कोण राहील हे पाहण्याची जबाबदारी कोणी तरी एकाने घ्यावयास हवी होती.

पाठविणारा आणि आपण

पाठविणाऱ्यालाही आपले घर झाडून ठेवले पाहिजे. जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून वर सांगितलेल्या तिन्ही खुणा, नाव कमी करण्यासाठी एका टिचकीची सोय, आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणे, एवढ्या गोष्टी आवश्यक झाल्या आहेत. पत्रे थोडी असली तरी चांगली सवय हीच. संमतीवाचून कोणाचे नाव यादीत घालू नये, आणि परत आलेल्या पत्रावरचे कारण वाचावे. अडचण कोठे आहे ते बहुधा त्यातच लिहिलेले असते.

०.३ टक्के म्हणजे हजारात ३ तक्रारी. या तक्रारी करतो कोण? आपणच. नको असलेल्या पत्रावर आपण 'स्पॅम' हे बटण दाबतो, तेव्हा ती केवळ घरातली आवराआवर नसते; ती पाठविणाऱ्याविरुद्ध दिलेली एक साक्ष असते. ज्या मासिकाचे वर्गणीदार आपण स्वतः झालो, ज्या संस्थेला आपणच पत्ता दिला, तिचे पत्र कंटाळा आला म्हणून 'स्पॅम' ठरविणे ही खोटी साक्ष होय. तेथे नाव कमी करण्याची सोय वापरावी. त्याचप्रमाणे 'स्पॅम'चा कप्पा आठवड्यातून एकदा तरी उघडून पाहावा. जीमेलमध्ये त्यातली पत्रे ३० दिवसांनी कायमची नाहीशी होतात. चुकून तेथे पडलेल्या पत्रावर 'हे स्पॅम नाही' असे सांगावे व पाठविणाऱ्याचा पत्ता आपल्या वहीत नोंदवून ठेवावा. प्रत्येकाची स्वतःची मान्य यादी ती हीच.

राखणदार ठेवल्यावाचून आज ई-मेल चालणार नाही, हे निर्विवाद आहे. काळ्या याद्या मोडीत काढा असे कोणी जाणता मनुष्य म्हणणार नाही. मागणे इतकेच आहे की, यादी ठेवणाऱ्याने साक्ष खरी व ताजी ठेवावी, दार राखणाऱ्याने नकार आपला म्हणून मान्य करावा व कारण सांगावे, पाठविणाऱ्याने ओळख आणि संमती सांभाळावी, आणि आपण प्रत्येकाने बोट बटणावर ठेवण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. एवढे झाले, म्हणजे पत्र अडले तरी ते कोणी अडविले व दाद कोठे मागावी हे कळेल. ज्या व्यवस्थेत नकाराखाली कोणाची तरी सही असते, तिच्यातील चूक दुरुस्त होऊ शकते.